मॅक युनिक्सच आहे, मग अडतं कुठे?

“मॅक आतून युनिक्सच आहे, त्यामुळे लिनक्सवरचं सगळं त्यावर चालतं.” संगणकाचा नाद असलेल्यांच्या गप्पांत हे वाक्य इतक्या ठामपणे येतं की ऐकणारा नुसती मान डोलावतो. त्यातलं पहिलं अर्धं खरं आहे. २००१ साली आलेल्या मॅक ओएस टेनचा पाया नेक्स्टस्टेप आणि बीएसडी या युनिक्स घराण्यातल्या प्रणालींवर घातलेला होता. २००७ मध्ये इंटेल मॅकवरच्या लेपर्ड आवृत्तीला युनिक्स असल्याचा रीतसर दाखलाही मिळाला. गंमत म्हणजे बहुतेक लिनक्सवाल्यांनी असा दाखला कधी घेतलेलाच नाही. पण दाखल्यात ठरावीक गोष्टींचीच हमी असते. स्वयंपाकघर आहे एवढं त्यावरून कळतं, डबे कुठल्या फडताळात आहेत ते कळत नाही.

‘सेड’चंच बघा. मजकुरात शोधून बदल करणारी ही छोटी आज्ञा दोन्हीकडे आहे. बदल मूळ फाइलीतच करायचा असेल तर तिला ‘आय’ हा पर्याय देतात. लिनक्सवरचं जीएनयू सेड तेवढ्यावर कामाला लागतं. मॅकवरचं बीएसडी सेड मात्र ‘आय’च्या पुढे जुन्या प्रतीच्या नावाला लावायचं शेपूट मागतं. ते दिलं नाही, तर तुमची शोध-बदलाची सूचनाच शेपूट समजून घेतं, फाइलीचं नाव सूचना म्हणून वाचतं आणि अडून बसतं. लिनक्सवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेली स्क्रिप्ट मॅकवर पहिल्याच मिनिटाला मान टाकते, ती असल्या बारीकसारीक कारणांनी.

फाइलींच्या नावांचं दुखणं याहून जुनाट. लिनक्स कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत फरक करतं, मॅक नेहमीच्या मांडणीत करत नाही. आपल्याला इंग्रजी अक्षरांशी काय करायचंय, असं कुणी म्हणेल. मग एखाद्या फाइलीला ‘दुसऱ्या सत्राचे गुण’ असं नाव द्या. त्यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: सबंध एक अक्षर म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि त्याच्या खाली नुक्ता. यूटीएफ-८ मध्ये पहिल्याला तीन बाइट लागतात, दुसऱ्याला सहा. डोळ्यांना दोन्ही सारखेच. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल व्यवस्था नाव साठवतानाच ‘ऱ’ फोडून ठेवायची, तर लिनक्स मिळालेले बाइट जसेच्या तसे ठेवतं. त्यामुळे मॅकवरून आलेली आणि लिनक्सवर बनलेली, अशा दिसायला एकाच नावाच्या दोन फाइली एका फोल्डरमध्ये शेजारी शेजारी नांदू शकत. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या ‘गिट’ला २०१२ मध्ये यासाठी खास सोय करावी लागली. मॅकवर २०१७ मध्ये आलेली एपीएफएस नावं फोडत नाही, तेवढी सुटका.

“लिनक्सचा तयार प्रोग्रॅम उचलून ठेवला की झालं.” मॅकवर तरी नाही. प्रोसेसर एकाच जातीचा असला, तरी तयार प्रोग्रॅमच्या फाइलीचा साचा या दोन प्रणालींत वेगळा असतो आणि कर्नलकडून, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याकडून, काम करून घ्यायची रीतही वेगळी. म्हणून सोर्स कोड आणायचा, त्याला पॅच लावायचे आणि त्या मशीनसाठी नव्याने कंपाइल करायचा. मॅकसाठी हा उद्योग २००० च्या अखेरीस फिंक या प्रकल्पाने सुरू केला, तोही डेबियन या लिनक्सची हत्यारं उसनी घेऊन. २००२ मध्ये डार्विनपोर्ट्स आलं, तेच आजचं मॅकपोर्ट्स. फ्रीबीएसडीच्या संस्थापकांपैकी एक जॉर्डन हबर्ड हे ते सुरू करणाऱ्यांत होते. २००९ मध्ये मॅक्स हॉवेल यांनी होमब्रू काढलं. होमब्रूची परिभाषा थेट दारूच्या भट्टीतली (सोवळ्यातल्या वाचकांनी कानाडोळा करावा): प्रोग्रॅम बांधायची कृती म्हणजे ‘फॉर्म्युला’, आधीच बांधून ठेवलेला प्रोग्रॅम म्हणजे ‘बॉटल’ आणि तो ठेवायची जागा ‘सेलर’. सोर्स कुठून आणायचा, कुठल्या लायब्ररी आधी हव्यात, कुठला पॅच लावायचा, हे सगळं फॉर्म्युल्यात असतं. सेडसारख्या भानगडी कुणीतरी आधी निस्तरलेल्या असतात, म्हणून आपलं काम एका ओळीत होतं.

“विंडोजवर हे सगळं इम्युलेटरने चालतं.” हाही गैरसमजच. १९९५ पासूनचं सिग्विन म्हणजे एक लायब्ररी आहे. प्रोग्रॅम तिच्याशी जोडून विंडोजसाठीच कंपाइल करतात आणि कर्नलला मारलेल्या युनिक्सच्या हाका ती विंडोजच्या भाषेत पोचवते. युनिक्समध्ये चालता प्रोग्रॅम ‘फोर्क’ या हाकेने क्षणात स्वतःची जुळी प्रत काढतो. विंडोजमध्ये तसं सरळ साधन नाही. सिग्विनला नवी प्रोसेस उभी करून जुनीची मेमरी तिच्यात ओतावी लागते, म्हणून शेकडो छोटे प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या स्क्रिप्टा तिथे रेंगाळतात. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये आणलेल्या डब्ल्यूएसएलमध्ये लिनक्सचे तयार प्रोग्रॅम न बदलता चालू लागले. त्यांच्या हाकांचा अनुवाद खुद्द विंडोज करत होतं. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत अनुवाद सोडून देऊन छोट्या व्हर्च्युअल मशीनमध्ये खराखुरा लिनक्स कर्नलच बसवला. तिथे इम्युलेटर शोधून सापडणार नाही.

“क्रॉस-प्लॅटफॉर्म म्हणजे सगळीकडे सारखं.” तसंही नसतं. २००८ च्या ऑक्टोबरात तिसरी आवृत्ती येईपर्यंत मॅकवरचं ओपनऑफिस एक्स-११ या युनिक्सच्या खिडक्या काढणाऱ्या व्यवस्थेच्या आधाराने चालायचं. मेन्यू स्क्रीनच्या माथ्यावर नाही, तर खिडकीच्या आत. चालत होतं, पण मॅकवाल्यांना ते शेवटपर्यंत परकंच वाटलं, आणि माझ्या मते त्यांचं काही चुकत नव्हतं.

२०२० मध्ये ॲपलने स्वतःच्या चिपचे मॅक आणले, तेव्हा इंटेल मॅकवर ‘यूएसआर’मधल्या ‘लोकल’मध्ये राहणारं होमब्रू नव्या मशीनवर ‘ऑप्ट’मध्ये गेलं. जुना पत्ता गृहीत धरलेल्या स्क्रिप्टा तिथे रिकाम्या हाताने परततात. तेव्हा यापुढे एखादा प्रोग्रॅम अडला, तर तो बांधणाऱ्यांना नुसतं ‘चालत नाही’ असं कळवू नका. ती बहुतेक स्वयंसेवक मंडळी असतात. चिप कोणती, प्रणालीची आवृत्ती कोणती आणि टर्मिनलवर उमटलेला सबंध मजकूर, एवढं जरूर पाठवा.