गोल नसलेला दट्ट्या

काही वर्षांपूर्वी मी वर्गात फळ्यावर अंतर्ज्वलन एंजिनाची आकृती काढत होतो. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, दट्ट्या गोलच का असतो? दुसऱ्या आकाराचा का नाही?" तास संपत आला होता. मी म्हटले, "गोल नसेल तर चालणारच नाही," आणि पुढची आकृती काढायला घेतली. उत्तर देऊन मी मोकळा झालो खरा, पण ते उत्तर चूक होते. गोल नसलेल्या दट्ट्यांची मोटारसायकल जगातल्या सर्वांत मोठ्या शर्यतींत उतरलेली आहे. ती कशी धावली आणि तिच्यावर बसलेल्या विश्वविजेत्या स्वाराचे काय झाले, ते आज सांगतो. त्या मुलाचे माझ्याकडे देणे राहिले होते, ते उशिरा का होईना, फेडतो.

स्वाराचे नाव ताकाझुमी कातायामा. जपानमधल्या कोबे शहरात १९५१ साली जन्मलेला. १९७७ साली यामाहा मोटारसायकलवर त्याने ३५० सीसी वर्गाचे जागतिक विजेतेपद मिळवले. जपानी मोटारसायकली त्याआधी कितीतरी वर्षे जिंकत होत्या, पण त्यांच्यावर बसून विश्वविजेता होणारा जपानचा असा हा पहिलाच स्वार. दोनच वर्षांनी, १९७९ साली, तो होंडा कंपनीकडे आला. वय अठ्ठावीस, म्हणजे शर्यतीच्या स्वाराचा ऐन उमेदीचा काळ. तेथे त्याच्या हाती जी गाडी आली तिचे नाव एनआर ५००.

या गाडीमागचे कोडे समजून घेण्यासाठी थोडे गणित करू. घाबरू नका, गुणाकार-भागाकारच आहेत.

एंजिनांचे दोन प्रकार तुम्हांला ठाऊक असतील. फोर-स्ट्रोक एंजिनात दट्ट्या खाली, वर, खाली, वर असा चार वेळा हलतो आणि त्यांपैकी एकाच वेळी स्फोट होऊन त्याला जोर मिळतो. म्हणजे क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एक स्फोट. टू-स्ट्रोक एंजिनात मात्र प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो. (पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणाऱ्या, पांढरा धूर सोडणाऱ्या जुन्या स्कूटरी या जातीच्या. तुमच्या आजोबांना विचारा, ते सकाळी स्कूटर तिरकी करून लाथ कशी मारत, तेही सांगतील.) १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात ५०० सीसी वर्गात यामाहा आणि सुझुकी यांच्या चार सिलिंडरांच्या टू-स्ट्रोक गाड्यांचे राज्य होते. त्यांची एंजिने मिनिटाला सुमारे ११ हजार फेरे करत. चार सिलिंडर, प्रत्येक फेऱ्याला प्रत्येकी एक स्फोट, म्हणजे मिनिटाला ४४ हजार स्फोट.

होंडा कंपनीने मोटारसायकलच्या जागतिक शर्यतींतून १९६७ साली अंग काढून घेतले होते. तोपर्यंतची तिची सारी प्रतिष्ठा फोर-स्ट्रोक एंजिनांवर उभी होती. १२५ सीसीच्या इवल्याशा एंजिनात तिने पाच सिलिंडर बसवले होते, तर २५० सीसीच्या एंजिनात सहा. आता पुन्हा मैदानात उतरायचे तर फोर-स्ट्रोक घेऊनच, असे तिच्या अभियंत्यांनी ठरवले. पण मधल्या काळात नियम बदलले होते. ५०० सीसी वर्गात चारपेक्षा जास्त सिलिंडर चालत नव्हते. आता तुम्हीच हिशेब करा. चार सिलिंडरांच्या फोर-स्ट्रोक एंजिनातून मिनिटाला ४४ हजार स्फोट हवे असतील, तर एंजिनाने किती फेरे केले पाहिजेत? बरोबर, २२ हजार.

हा आकडा तोंडाने म्हणणे सोपे आहे. मिनिटाला २० हजार फेरे धरले, तर एक फेरा ३ सहस्रांश सेकंदात पुरा होतो. त्यात हवा आणि पेट्रोल आत ओढण्याचा दट्ट्याचा फटका दीड सहस्रांश सेकंदाचा. एवढ्या वेळात सिलिंडर भरला पाहिजे. दार अरुंद असेल तर हवा वेळेत आत येणार कशी? एका खोलीला एकच दार आहे आणि मधल्या सुटीत साठ मुले बाहेर पडायची आहेत, तसाच हा प्रकार. म्हणून दारे जास्त हवीत. पण एक मोठी झडप बसवली तर ती जड होते आणि सेकंदाला दीडशे-पावणेदोनशे वेळा उघडमीट करताना तिची स्प्रिंग तिला वेळेवर मिटवू शकत नाही. तेव्हा झडपा लहान हव्यात, हलक्या हव्यात आणि पुष्कळ हव्यात. गोल सिलिंडराच्या डोक्यावर अशा चार झडपा सुखाने मावतात. होंडाच्या अभियंत्यांना आठ हव्या होत्या.

आठ सिलिंडर असते तर प्रश्नच नव्हता. नियम म्हणतो चार. मग त्यांनी काय केले? शेजारशेजारचे दोन गोल सिलिंडर घेतले, त्यांच्यामधली भिंत पाडली आणि दोन्ही मिळून एक केला! वरून पाहिले तर शाळेच्या मैदानावर धावण्याची जी पट्टी आखतात तोच आकार: दोन टोकांना दोन अर्धवर्तुळे आणि मध्ये दोन सरळ बाजू. नियमात सिलिंडर किती असावेत ते लिहिले होते, ते गोल असावेत असे कोणी लिहिले नव्हते. या दट्ट्याची लांबी ९३.४ मि.मी. आणि रुंदी ४१ मि.मी. होती. तो वरखाली ३६ मि.मी. सरके. वही काढा आणि घनफळ करून पाहा. मधला आयत ५२.४ गुणिले ४१. दोन अर्धवर्तुळे मिळून ४१ मि.मी. व्यासाचे एक वर्तुळ. बेरजेला ३६ ने गुणा, मग चारने गुणा. उत्तर ४९९.५ घन सें.मी.च्या आसपास येईल. पाचशेच्या मर्यादेत अर्ध्या घन सेंटिमीटरची शिल्लक!

एका दट्ट्याला दोन कनेक्टिंग रॉड, एका सिलिंडरला आठ झडपा आणि दोन स्पार्क प्लग. एकूण झडपा बत्तीस. कागदावर चार सिलिंडर, आणि मनातून आठ.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. दट्ट्या सहसा गोल का असतो? याचे खरे उत्तर दट्ट्यापेक्षा त्याच्या भोवतीच्या कड्यांत आहे. या कड्या बाहेरच्या बाजूला ताणून सिलिंडरच्या भिंतीला चिकटून बसतात आणि जळालेला वायू खाली निसटू देत नाहीत. घरी एक प्रयोग करा. एका पेल्याभोवती रबराचे कडे ताणून बसवा आणि त्याखाली कागदाची पट्टी सरकवा. पट्टी कोठेही घातली तरी सारखीच घट्ट धरली जाते. आता तेच रबर कंपास पेटीभोवती बसवा. कोपऱ्यापाशी पट्टी घट्ट, पण सपाट बाजूच्या मध्यावर ती अलगद निघून येते. रबराचा ताण दोन्ही ठिकाणी तोच आहे. पण ताणलेली दोरी पृष्ठभागावर जो दाब देते तो ताण भागिले वक्रतात्रिज्या इतका असतो. कोपऱ्यावर त्रिज्या लहान, म्हणून दाब मोठा. सरळ बाजूची त्रिज्या अनंत, म्हणून दाब शून्य. एंजिनाची कडी आत ओढण्याऐवजी बाहेर ढकलते एवढाच फरक, अडचण तीच. गोल सिलिंडरात सगळीकडे दाब सारखा मिळतो. मैदानी पट्टीच्या आकारात दोन्ही सरळ बाजूंना कडी भिंतीवर टेकायलाच तयार नसते, आणि तेथून वायू निसटतो. तेव्हा गोल नसलेला दट्ट्या चालतो, पण तो चालवण्यासाठी जिवाचे रान करावे लागते. हे मी त्या दिवशी वर्गात सांगायला हवे होते.

दट्ट्यावर पडणारा भारही पाहून ठेवा. मिनिटाला १९ हजार फेऱ्यांच्या वेळी त्याचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे २३ मीटर, म्हणजे ताशी ८२ कि.मी. होतो. वर गेला की थांब, उलटा फीर, खाली गेला की पुन्हा थांब! यासाठी लागणारे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सात हजार पटींहून जास्त निघते. समजा दट्ट्याचे वस्तुमान १०० ग्रॅम असेल, तर तो टोकाला उलटताना रॉडला ७०० किलोग्रॅमचे ओझे उचलल्यासारखे वाटेल. तेही सेकंदाला तीनशेहून जास्त वेळा.

१२ ऑगस्ट १९७९ रोजी इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोन येथे ही गाडी प्रथमच जगासमोर आली. एका गाडीवर कातायामा, दुसरीवर इंग्लंडचा मिक ग्रँट. त्या काळी शर्यत सुरू होताना एंजिने बंद ठेवावी लागत. इशारा झाला की स्वाराने गाडी ढकलत पळायचे, उडी मारून बसायचे आणि क्लच सोडून एंजिन जागे करायचे. टू-स्ट्रोक गाड्या चार पावलांत सुरू होत. एनआर ५०० मात्र चटकन सुरू होत नसे. बाकीचे पहिल्या वळणाकडे झेपावले तरी हे दोघे मागेच होते. पहिल्याच फेरीत ग्रँटच्या गाडीतले तेल तिच्याच मागच्या चाकावर आले आणि तो पडला. काही फेऱ्यांनंतर कातायामालाही थांबावे लागले. तिकडे पुढे केनी रॉबर्ट्स आणि बॅरी शीन यांची अशी झुंज चालली होती की शेवटी रॉबर्ट्स अवघ्या ०.०३ सेकंदाने जिंकला. ती शर्यत लोक आजही आठवतात. तिच्यात एनआर ५०० होती, हे फारच थोड्यांना आठवते.

पुढच्या फ्रान्सच्या शर्यतीत दोन्ही गाड्या पात्रता फेरीतच बाद झाल्या. दोन वर्षांपूर्वीच्या विश्वविजेत्याला शर्यतीत उभे राहण्याइतकाही वेग मिळाला नाही! एनआर म्हणजे 'न्यू रेसिंग', नवी शर्यत. टवाळखोरांनी त्याचे 'नेव्हर रेडी' केले, म्हणजे 'कधीच तयार नाही'.

बिघाड केवळ एंजिनाचा नव्हता. अभियंत्यांनी सगळेच एका दमात नवे करायला घेतले होते. नेहमीच्या नळ्यांच्या सांगाड्याऐवजी ॲल्युमिनियमचे कवच केले. ते हलके होते, पण दुरुस्ती करायची तर कवचातून एंजिन बाहेर ओढावे लागे. इतरांची चाके १८ इंचांची, तर हिची १६ इंचांची. माझ्या मते हीच मोठी चूक झाली. आपण प्रयोगशाळेत एका वेळी एकच राशी बदलतो, बाकीच्या स्थिर ठेवतो. येथे सगळ्याच बदललेल्या, आणि स्वार येऊन सांगतो की गाडी वळणावर डगमगते. मग दोष कोणाचा, हे शोधणार कसे? १९८० साली कवच टाकून साधा सांगाडा आणि मोठी चाके आली. त्या वर्षी कातायामा इंग्लंडमध्ये पंधरावा आला आणि जर्मनीत बारावा. गुण पहिल्या दहांनाच मिळत, म्हणजे पदरात शून्य. पण गाडी शर्यत पुरी करू लागली होती, आणि त्या कारखान्यात त्याचे पेढे वाटले गेले असतील असे मला वाटते.

वळणावरची एक अडचण सांगण्याजोगी आहे. शर्यतीचा स्वार वळणापूर्वी जोरात ब्रेक मारतो. अशा वेळी सगळा भार पुढच्या चाकावर जातो आणि मागचे चाक जवळजवळ हलके होते. भार कमी म्हणजे घर्षण कमी. त्याच क्षणी ॲक्सिलरेटर मिटल्यामुळे फोर-स्ट्रोक एंजिन चाकाला मागे खेचू लागते. टू-स्ट्रोकमध्ये ही ओढ नाममात्र असते, पण एनआर ५०० मध्ये ती इतकी जबर होती की मागचे चाक रस्त्यावर चेंडूसारखे उड्या मारी. आडव्या झालेल्या गाडीचे मागचे चाक उडते आहे आणि तुम्ही ताशी दीडशेच्या वेगात आहात, अशी कल्पना करा! कातायामा हे सहन करत होता आणि परत येऊन अभियंत्यांना नेमके काय घडले ते सांगत होता. त्यातून त्यांनी असा क्लच बनवला की एंजिनाकडून चाकाकडे जोर पुरा जातो, पण चाकाने एंजिनाला उलट फिरवू पाहिले तर ठरावीक मर्यादेनंतर तो आपोआप घसरतो.

१९८१ साली गाडीने थोडे दिवस पाहिले. जपानमध्ये सुझुका येथील २०० किलोमीटरची शर्यत कियामा या स्वाराने तिच्यावर जिंकली. अमेरिकेचा तरुण फ्रेडी स्पेन्सर लागुना सेका येथे पाच फेऱ्यांच्या एका छोट्या शर्यतीत पहिला आला, आणि सिल्व्हरस्टोनला तो पाचव्या क्रमांकापर्यंत चढला असता एंजिनाने दगा दिला. जागतिक स्पर्धेच्या मालिकेत मात्र या गाडीला एकही गुण मिळाला नाही.

शेवटी होंडाने मान तुकवली. १९८२ साली तीन सिलिंडरांची एनएस ५०० आली, आणि ती टू-स्ट्रोक होती! तिच्यावर स्पेन्सरने बेल्जियमची शर्यत जिंकली. त्याच हंगामात स्वीडनमधल्या अँडरस्टॉर्प येथे पहिला आला तो कातायामा. तीन वर्षे गाडी ढकलत धावलेला माणूस या वेळी सर्वांच्या पुढे होता. १९८३ साली स्पेन्सर रॉबर्ट्सला दोन गुणांनी मागे टाकून विश्वविजेता झाला.

या हिशेबाचा न्याय नियम करणाऱ्यांनी पुढे वीस वर्षांनी केला. २००२ साली जागतिक शर्यतींचे नवे नियम आले, तेव्हा टू-स्ट्रोक गाड्यांना ५०० सीसीची मर्यादा ठेवली आणि फोर-स्ट्रोक गाड्यांना ९९० सीसीची मुभा दिली. जवळजवळ दुप्पट! दोन फेऱ्यांत एकच स्फोट, मग घनफळ दुप्पट, इतके ते सरळ आहे. एनआरच्या अभियंत्यांना ही सवलत नव्हती. त्यांनी ती दुप्पट फेऱ्यांतून मिळवू पाहिली.

लंबगोल दट्ट्या १९९२ साली होंडाच्या एनआर ७५० या महागड्या गाडीत पुन्हा दिसला. अशा गाड्या सुमारे तीनशेच झाल्या. तो उलटा घसरणारा क्लच मात्र सर्वत्र पसरला. पुण्याजवळ चाकणला बनलेल्या डॉमिनार ४०० मध्येही तो आहे. तुमच्या ओळखीत कोणाकडे ती गाडी असेल, तर उंच गियरमधून एकदम खालच्या गियरमध्ये येताना मागचे चाक उडी मारते का, हे त्यांना विचारा.