आकृती सरकते, बदलत नाही



आलेख कागदावरील आकृती न वळवता, न उलटवता एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे, यास स्थानांतरण म्हणतात. हा भाग दिसावयास सोपा आहे. परंतु वर्गात तो समजला असे वाटूनही बहुधा समजलेला नसतो. 2017 साली निघालेल्या नववीच्या गणित भाग 2 या पाठ्यपुस्तकात निर्देशक भूमितीचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्या प्रकरणास मूल समजुतीने सामोरे जाणार की पाठांतराने, हे पुष्कळ अंशी सहावी-सातवीत, म्हणजे आपल्याच हाती ठरते. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम एक अनुभव सांगतो. कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझे बिऱ्हाड आहे. एका दिवाळीच्या पहाटे शेजारची सातवीतील मुलगी दारात ठिपक्यांची रांगोळी घालीत होती. एक पणती काढून झाल्यावर तशीच दुसरी तिला पाच घरे उजवीकडे काढावयाची होती. तिने पणतीच्या डाव्या टोकाच्या ठिपक्यावर बोट ठेवून ‘एक’ म्हटले आणि पाचव्या ठिपक्यापासून नवी पणती सुरू केली. ओळ पुरी होईना, उंबऱ्याचा कोपरा मोकळा राहू लागला. तिची आजी पायरीवरूनच म्हणाली, “अगं, ठिपकं मोजू नगंस, मधली घरं मोज.”

त्या एका वाक्याने मला माझी जुनी चूक दिसली. मी शिक्षक असताना एका विद्यार्थिनीच्या वहीत नेमके असेच उत्तर आले होते. मी त्यावर लाल फुली मारली आणि खाली ‘नीट मोज’ असे लिहिले. ती नीटच मोजत होती. काय मोजावे हे मात्र मी तिला सांगितले नव्हते. पुढे ती फळ्यापाशी येण्यास कचरू लागली. त्या फुलीने तिला गणित शिकवले नाही, भय मात्र शिकवले.

आता एक उदाहरण घेऊ. अ (1, 1), ब (4, 1) आणि क (1, 3) हा त्रिकोण 5 घरे उजवीकडे आणि 2 घरे वर सरकवावयाचा आहे. उजवीकडे जाताना क्ष निर्देशक वाढतो व वर जाताना य निर्देशक वाढतो. म्हणून प्रत्येक बिंदूच्या पहिल्या संख्येत 5 आणि दुसऱ्या संख्येत 2 मिळवावे. नवे बिंदू अ′ (6, 3), ब′ (9, 3), क′ (6, 5) असे येतात.

येथे मुलांकडून दोन चुका वारंवार होतात आणि उत्तर पाहताच त्या ओळखता येतात. अ′ चा क्ष निर्देशक 6 ऐवजी 5 आला, तर मुलाने आरंभीचा ठिपकाच ‘एक’ म्हणून मोजला आहे. पाच ठिपक्यांत घरे चारच असतात, हे त्यास बोटाने दाखवावे. क्ष निर्देशक 9 आला, तर चूक निराळी आहे. त्याने ब पासून, म्हणजे आकृतीच्या उजव्या कडेपासून, पाच घरे मोजून तेथे अ′ मांडला आहे. दोन आकृत्यांमधील मोकळी जागा म्हणजेच सरकण्याचे अंतर, अशी त्याची समजूत झालेली आहे. वस्तुतः अंतर अ पासून अ′ पर्यंत, ब पासून ब′ पर्यंत, म्हणजे ज्या त्या बिंदूपासून त्याच्याच नव्या जागेपर्यंत मोजावयाचे असते. या दोन चुकांना एकच फुली मारणे म्हणजे दोन रोगांना एकच पुडी देणे होय.

डावीकडे व खाली सरकताना निर्देशक कमी होतात. हाच त्रिकोण 7 घरे डावीकडे आणि 4 घरे खाली नेल्यास अ′ (−6, −3), ब′ (−3, −3), क′ (−6, −1) मिळतात. ऋण संख्यांची वजाबाकी ज्यांना जड वाटते, त्या मुलांनी आधी बोटाने घरे मोजावीत आणि मग संख्यांनी पडताळा पाहावा. नियम अनुभवानंतर यावा, आधी नव्हे.

यासाठी खर्चाचे साहित्य नको. वर्गात चौकोनी फरशी असेल तर तिचे सांधे हेच आलेखाच्या रेषा होत. नसेल तर अंगणात फक्कीने रेषा आखाव्यात. तीन मुलांना तीन सांध्यांवर, म्हणजे रेषा जेथे छेदतात तेथे उभे करावे. घराच्या मध्यभागी नव्हे. तिघांच्या हाती सुतळीचा त्रिकोण द्यावा. मग आज्ञा द्यावी, “तोंड न वळवता पाच घरे उजवीकडे, दोन घरे पुढे.” एखादा चुकला की सुतळी ढिली पडते वा ताणली जाते आणि सारा वर्ग हसत हसत चूक शोधतो. सर्व बिंदू सारख्याच अंतराने व एकाच दिशेने सरकले तरच आकृती जशीच्या तशी राहते, हे तत्त्व मुलांच्या हातांना कळते.

या तत्त्वाचा उपयोग लगेच दाखवावा. (0, 0), (6, 0), (8, 3), (2, 3) हा समांतरभुज चौकोन कागदावर काढून कापावा. त्याच्या डाव्या बाजूचा (0, 0), (2, 0), (2, 3) हा त्रिकोण वेगळा करून 6 घरे उजवीकडे सरकवावा. तो (6, 0), (8, 0), (8, 3) या जागी चपखल बसतो आणि 6 लांबीचा व 3 रुंदीचा आयत तयार होतो. क्षेत्रफळ 18 चौरस एकक. पाया गुणिले उंची हे सूत्र कोठून आले, याचे उत्तर मुलांना असे डोळ्यांसमोर मिळते. सरकल्याने क्षेत्रफळ बदलत नाही, एवढ्या एका गोष्टीवर ते सूत्र उभे आहे.

आकृतीला संख्यांच्या जोडीने बांधण्याची ही रीत फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त यांच्या 1637 च्या भूमितीविषयक ग्रंथामुळे गणितात रूढ होत गेली. पण ठिपके मांडून त्यांवर आकृती पुन्हा पुन्हा काढण्याची दृष्टी आपल्या मुलींना घरच्या उंबऱ्यावरच मिळते. ती वर्गात आणणे एवढेच आपले काम आहे.

तेव्हा यापुढे अशा उत्तरावर फुली मारण्यापूर्वी मुलाला जवळ बोलवावे आणि एवढेच विचारावे, “बाळ, तू कोठून मोजलेस?” उत्तर ऐकले म्हणजे पुढे काय शिकवावयाचे, ते आपोआप कळेल.