पिंपरीत अडवला, हिंजवडीत कामाला लावला

पिंपरीला जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगत ‘एच. ए. कंपनी’ आहे. कागदोपत्री नाव हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ साली उभी राहिलेली ही देशातली पहिली सरकारी औषध कंपनी. पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं आणि साठच्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन. क्षयरोगावर चालणारं पहिलं औषध ते हेच. अमेरिकेत १९४३ साली मातीतल्या जिवाणूपासून सापडलेलं ते औषध पिंपरीत बनू लागलं, याचं मोल ज्या घरांनी क्षयाचा खोकला ऐकला होता त्यांनाच ठाऊक.

हे औषध जिवाणूला फोडत नाही. ते जिवाणूच्या पेशीतल्या एका यंत्रात जाऊन बसतं. त्या यंत्राचं नाव रायबोसोम.

रुंदी मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी. भाग दोन, एक लहान आणि एक मोठा. जनुकातला मजकूर संदेशवाहक आरएनएच्या धाग्यावर उतरतो आणि तो धागा या दोन भागांच्या मधून सरकत जातो. लहान भाग वाचतो, मोठा भाग ओवतो. धाग्यावरची तीन-तीन अक्षरं म्हणजे एकेक शब्द. प्रत्येक शब्दाला जुळणारं अमिनो आम्ल वाहक आरएनए घेऊन येतो, जुळणी तपासली जाते आणि माळेत एक मणी वाढतो. जिवाणूत सेकंदाला पंधरा-वीस मणी, माणसात साधारण पाच. नखातलं केराटिन, रक्तातलं हिमोग्लोबिन, पोटातली पाचक विकरं, सगळं याच हातचं. आणि मणी जोडण्याचं मुख्य काम प्रथिन नव्हे, तर रायबोसोममधला आरएनएच करतो! जीवसृष्टीच्या आरंभाचा विचार करणाऱ्यांना याहून मोठी खूण दुसरी नाही.

चिदंबरमला जन्मलेले, बडोद्यात शिकलेले वेंकटरामन रामकृष्णन यांच्या गटाने २००० साली जिवाणूच्या रायबोसोमच्या लहान भागाची रचना अणूंच्या पातळीवर उलगडली. स्ट्रेप्टोमायसिन नेमकं कुठे अडकतं, हेही त्यात दिसलं. २००९च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये थॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांच्यासोबत त्यांचा वाटा होता. हे औषध वाचणाऱ्या भागालाच पकडतं. मग जुळणी ढिली पडते, भलतेच मणी ओवले जातात आणि बिघडलेली प्रथिनं पेशीला पुरी पडत नाहीत. माणसाचे रायबोसोम वेगळ्या घडणीचे, म्हणून रोगी वाचतो. आपल्या तंतुकणिकांमधले रायबोसोम मात्र जिवाणूंच्या जवळचे आहेत. ठरावीक जनुकीय बदल असलेल्या काहींना या औषधाने बहिरेपण येतं, ते त्यामुळेच.

पिंपरीपासून फारशा लांब नसलेल्या हिंजवडीत याच यंत्राशी दुसरा व्यवहार झाला. जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सच्या ‘जेमकोव्हॅक-१९’ या कोविडवरच्या लशीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. देशात विकसित झालेली ही पहिली एमआरएनए, म्हणजे संदेशवाहक आरएनएची, लस. तिच्यात विषाणू नाही, विषाणूचं प्रथिनही नाही. आहे तो फक्त मजकूर, आणि तो वाचणारे रायबोसोम लस घेणाऱ्याच्या दंडातल्या एकेका पेशीत आधीपासून लाखोंनी बसलेले.

तिची एक खुबी मुद्दाम सांगायला हवी. धाग्याच्या सुरुवातीला लिहिलेलं असतं ते धाग्याच्या प्रती काढणारं विकर. रायबोसोम आधी ते बनवतो, विकर प्रती काढतं, आणि त्या प्रतींवरून करोना विषाणूचं काटेरी प्रथिन तयार होऊ लागतं. म्हणून थोड्या आरएनएवर भागतं. शिवाय ही लस २ ते ८ अंश सेल्सिअसला टिकते. पहिल्या परदेशी एमआरएनए लशीला उणे ७० अंशांच्या आसपासची थंडी लागत होती, हे आठवलं की तालुक्याच्या दवाखान्यातल्या साध्या फ्रीजची किंमत कळते.

काटेरी प्रथिनाच्या माळेत १२७३ मणी असतात. सेकंदाला पाच या हिशोबाने एका रायबोसोमला चारेक मिनिटं लागतात. शेवटी थांबण्याचा शब्द येतो, माळ सुटते, दोन्ही भाग वेगळे होतात. पुढचा धागा पेशीचा स्वतःचा आहे की हिंजवडीहून आलेला, हे ते विचारत नाहीत.