ओवाळणी, सोडत आणि पासबुकातली कपात

गटाच्या बैठकीत हप्ता, व्याज, दंड हे सगळं आपल्याला तोंडपाठ असतं. आयकर म्हटलं की मात्र ‘ते नोकरीवाल्यांचं’ म्हणून आपण पुढे सरकतो. मग एखाद्या दिवशी पासबुक भरून आणावं, तर त्यात टीडीएस नावाची एक ओळ आणि पुढे सात हजार वजा! काउंटरवरचा माणूस म्हणतो, ‘नियम आहे.’ नियम आहे हे खरं, पण पूर्ण नियम तो सांगत नाही. तो आज मी सांगते. आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत, ते बजेटमध्ये बदलतात हे ध्यानात ठेवा.

आधी एक गैरसमज काढू. ‘आपण आदिवासी, आपल्याला आयकर माफ’ असं धडगावपासून नवापूरपर्यंत ऐकू येतं. अशी सूट कायद्यात आहे, पण ती नागालँड, मणिपूर, मिझोराम, त्रिपुरा, अरुणाचल, लडाख आणि आसाम-मेघालयातल्या ठरावीक भागांत राहणाऱ्या अनुसूचित जमातींना. आपल्या सातपुड्यात ती लागू नाही. आपल्याकडे माफ आहे ते शेतीचं उत्पन्न, आणि ते कोणत्याही जातीजमातीच्या शेतकऱ्याला. आता शेती म्हणजे काय? स्वतःच्या शेतातली मिरची पथारीवर वाळवून विकली, ती शेती. दुसऱ्याकडून मिरची घेतली, दळली, पुड्या करून विकल्या, तो धंदा. शेळ्या, कोंबड्या, दूध हाही धंदाच. रानातून वेचलेली मोहाची फुलंसुद्धा कायद्याच्या हिशेबात शेतीत बसत नाहीत, कारण मोह कुणी पेरलेला नसतो! पण घाबरू नका. नव्या करपद्धतीत वर्षाची करपात्र मिळकत १२ लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्य होतो. आपल्यातल्या बहुतेक जणी या रेषेच्या कितीतरी खाली आहेत.

मग पासबुकातले सात हजार का गेले? धरू या, एका ताईला नवऱ्याच्या मागे १० लाख मिळाले आणि तिने ते बँकेत ७ टक्क्यांनी मुदत ठेवीत टाकले. वर्षाचं व्याज ७० हजार. एका बँकेतल्या ठेवींचं व्याज वर्षात ५० हजारांच्या वर गेलं की बँक त्यातून १० टक्के कापून सरकारकडे भरते. साठीच्या पुढच्या बाईसाठी ही मर्यादा १ लाख आहे. आणि पॅन कार्ड दिलेलं नसेल तर १० नाही, २० टक्के जातात, म्हणजे १४ हजार. बँकेला तुमची बाकीची मिळकत ठाऊक नसते, म्हणून ती आधी कापते.

हे थांबवायला एक साधा कागद लागतो. २०२५-२६ मध्ये तो साठीच्या आतल्या बाईसाठी १५ जी, साठीच्या वरच्या बाईसाठी १५ एच होता. ‘माझ्या वर्षाच्या मिळकतीवर कर लागत नाही’ असं लिहून देणं एवढाच त्याचा अर्थ. १५ जी देताना आणखी एक अट होती, व्याजाची बेरीज ४ लाखांच्या आत हवी. हा कागद दर वर्षी एप्रिलमध्ये नव्याने द्यावा लागतो, आणि इथेच आपण चुकतो. एकदा दिला की झालं असं वाटतं. दिल्याची पोच घ्या, शिक्का मारून. खोटं मात्र लिहू नका, तो गुन्हा आहे. आणि कापलेले पैसे बुडालेले नसतात. विवरणपत्र भरलं की ते तुमच्या खात्यात परत येतात, फक्त पॅन जोडलेलं हवं.

जाता जाता विमावाल्यांबद्दल. ‘ताई, टॅक्स वाचेल’ म्हणून पॉलिसी गळ्यात मारतात. विमा हप्ता वगैरेंची दीड लाखापर्यंतची वजावट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. जिला कर लागतच नाही, तिचा कोणता कर वाचणार? विमा घ्यायचा तर विम्यासाठी घ्या.

आता भेटी. भावाने ओवाळणीत एक लाख घातले तर कर नाही. आईवडील, नवरा, मुलं, भाऊ-बहीण, दीर, नणंद, जाऊ, काका, मामा, आत्या, मावशी यांनी दिलेलं कितीही असो, माफ. स्वतःच्या लग्नात कुणीही दिलेलं माफ, वारसाने आलेलंही माफ. पण चुलतभाऊ या यादीत नाही, मानलेला भाऊही नाही. गंमत अशी की मावशीने भाचीला ८० हजार दिले तर माफ, आणि त्याच भाचीने मावशीला दिले तर नाही! यादीबाहेरच्यांकडून वर्षात मिळून ५० हजारांच्या वर आले की सगळी रक्कम तुमच्या मिळकतीत धरतात, फक्त वरची नाही. सोनं-चांदी, जमीन हेही यात येतं. बैलजोडी आणि शेळी कायद्याच्या यादीत नाहीत.

दोन गोष्टी जपा. नवऱ्याने दिलेल्या पैशांवर कर नाही, पण त्यांची ठेव केली तर व्याज नवऱ्याच्या मिळकतीत धरतात. आणि एका माणसाकडून एका दिवसात २ लाख किंवा जास्त रोख घेऊ नका, भेट असली तरी. जेवढे घेतले तेवढाच दंड बसू शकतो.

राहिलं बक्षीस. इथे १२ लाखांची सवलत चालत नाही. सोडतीत एक लाख लागले तर ३० हजार कापूनच ७० हजार हातात येतात, वर उपकराचे १,२०० आपण भरायचे. बाकी मिळकत शून्य असली तरी हे परत मिळत नाहीत. बक्षीस १० हजारांच्या आत असेल तर कपात होत नाही, पण कर लागतोच. स्कूटर लागली तर तिच्या किमतीवरचा कर भरल्याशिवाय आयोजकाने ती द्यायची नसते.

आणि ठग नेमकं हेच धरतात. ‘तुम्हाला २५ लाखांची लॉटरी लागली, आधी टॅक्सचे १२ हजार या नंबरवर पाठवा.’ रोख बक्षिसाचा कर बक्षिसातूनच कापला जातो, कुणाच्या मोबाईल नंबरवर आधी भरायचा नसतो. तिकीटच घेतलं नाही, तर लागेल कशाला? पैसे पाठवून बसला असाल तर घरात लपवू नका, लगेच १९३० ला फोन लावा. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यातून निघण्याआधी अडवता येण्याची आशा जास्त.