व्यासांच्या हातातील पोथी

काशीहून गंगा ओलांडली की पैलतीरावर रामनगर लागते. काशीनरेशांच्या किल्ल्यालगतच्या या गावात प्रतिवर्षी अनंत चतुर्दशीपासून सुमारे महिनाभर रामलीला चालते. गावाचाच एक भाग अयोध्या होतो, दुसरा जनकपूर, तिसरा लंका. आमच्या नाशिककरांना ओळखीची वाटावी अशी पंचवटीही तेथे आहे. विजेचे दिवे नाहीत, ध्वनिवर्धक नाही. हजारोंच्या समुदायापुढे एक कोवळा मुलगा रामाचे भाषण म्हणतो आणि वृद्ध माणसेही हात जोडतात. पाहणाऱ्यास वाटते, हे शब्द त्या बालकाच्या अंतःकरणातून आपोआप उमटत आहेत.

वाचकहो, अशा वेळी त्या मुलाच्या पाठीमागे अवश्य पाहावे. तेथे हातात पोथी घेऊन व्यास उभे असतात. राम, सीता आणि तिघे बंधू यांची कामे करणाऱ्या पाच मुलांना तेथे ‘स्वरूप’ म्हणतात. त्यांची निवड आवाज, रूप आणि वर्तन पाहून होते. म्हणजे निसर्गदत्त देणगी रामनगरासही मान्य आहे. परंतु निवडीनंतर लीलेपूर्वीचे आठवडेच्या आठवडे पाठांतरात जातात. कोणते अक्षर लांबवावे, श्वास कोठे घ्यावा, शेवटच्या माणसापर्यंत शब्द कसा पोहोचवावा, हे व्यास म्हणून दाखवितात आणि मुले म्हणतात. पुन्हा म्हणतात.

आपल्या चित्रपटांना या आठवड्यांचे वावडे आहे. १९५२ साली आलेला विजय भट्ट यांचा ‘बैजू बावरा’ पाहा. खरा गायक होण्यास अंतरी वेदना हवी, असे बैजूला सांगितले जाते. म्हणून गौरी स्वतःस सर्पदंश करवून घेते, आणि त्या दुःखातून जागा झालेला बैजू दरबारात तानसेनास जिंकतो. त्याच्या गाण्याने पाषाण वितळतो! चित्र मोठे मनोहर आहे, संगीत तर अविस्मरणीय. पण असे चित्र पाहून घरी आलेला पिता आपल्या आठ वर्षांच्या मुलाचे सारेगम पंधरा दिवस ऐकतो आणि “याला उपजतच अंग नाही” असा निकाल देऊन पेटी बंद करतो, तेव्हा त्या मनोहर चित्राची किंमत एक मूल देत असते.

त्या सामन्यात तानसेनासाठी उस्ताद अमीर खाँ गायले आणि विजयी बैजूसाठी दत्तात्रेय विष्णु पलुसकर. दत्तात्रेयांचा जन्म १९२१ चा, नाशिकचा. पंडित विष्णु दिगंबरांचा पुत्र म्हणून गाणे रक्तातच होते असे म्हणावे, तर वडील १९३१ मध्ये वारले तेव्हा मुलगा अवघा दहा वर्षांचा होता. पुढे विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांच्या हाताखाली रीतसर शिक्षण झाले, आणि १९३५ साली जालंदरच्या हरिवल्लभ संमेलनात तो गायला. ज्या आवाजास पडद्यावर वेदनेने जन्म दिला, त्यास प्रत्यक्षात पटवर्धनबुवांच्या शिस्तीने घडविले होते. श्रेयनामावलीत गुरूंना जागा नसते, याचा दोष एकट्या चित्रपटास देता येणार नाही. मैफलीतही आपण गायकालाच टाळी देतो.

रामनगरातील मुलाचा आवाज एके दिवशी फुटू लागतो. मग मुकुट उतरवावा लागतो. त्याच्या जागी नवा मुलगा येऊन बसतो, आणि व्यास पुन्हा पहिल्या संवादापासून आरंभ करतात.