हिमाची वाट पाहणारे लोक

नाताळच्या सुमारास आपल्या घरीं जीं शुभेच्छापत्रें येतात, त्यांपैकीं पुष्कळांवर बर्फानें झाकलेलें एखादें जुनें चर्च आणि त्याच्या कुंपणावर बसलेला तांबड्या छातीचा लहानसा पक्षी असें चित्र असतें. अशीं चित्रें पाहून आमच्या कित्येक विद्यार्थ्यांची समजूत होऊन बसते कीं, आपल्याकडे मृग लागला म्हणजे जसा पाऊस, तसा इंग्लंडांत हिंवाळा लागला म्हणजे बर्फ. ही समजूत खरी नाहीं. लंडन व त्याच्या आसपासचा दक्षिण इंग्लंडचा प्रदेश हा हिमाच्या राज्यांत मोडत नाहीं. तो त्या राज्याच्या वेशीवर आहे. कित्येक हिंवाळे असे जातात कीं, जमिनीवर बोटभर बर्फ साचलेला कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. आणि मौज ही कीं, बर्फाची वाट अत्यंत उत्कंठेनें पाहणारे हौशी लोक आढळतात ते अशाच ठिकाणीं. सैबेरियांत बर्फाची वाट कोण पाहील?

हे लोक वेधशाळांतील नोकर नव्हेत. त्यांत शिक्षक आहेत, कारकून आहेत, माळी आहेत, शाळेंत जाणारीं मुलेंहि आहेत. परसांत झडपांची पांढरी पेटी उभारून तींत उष्णतामापक टांगावयाचा, पर्जन्यमापकांतील पाणी रोज ठराविक वेळीं मोजावयाचें आणि वहींत टिपून ठेवावयाचें, हा त्यांचा नित्यक्रम. ह्या छंदाची परंपरा त्या देशांत फार जुनी आहे. सेलबोर्न गांवचा पाद्री गिल्बर्ट व्हाइट ह्यानें १७७६ च्या जानेवारींतील कडाक्याच्या थंडीचें व बर्फाचें वर्णन आपल्या ग्रंथांत करून ठेविलें आहे. १८६० सालीं जॉर्ज सायमन्स नांवाच्या गृहस्थानें पाऊस मोजणाऱ्या स्वयंसेवकांची संघटना उभारली. तींत पुढें हजारों लोक सामील झाले. १६५९ पासून आजपर्यंतचें मध्य इंग्लंडचें दरमहाचें उष्णमान आज आपणांस उपलब्ध आहे. गॉर्डन मॅन्ली ह्यानें तें कोष्टक तयार केलें, तें बहुतांशीं अशाच हौशी लोकांच्या जुन्या वह्यांवरून. म्हणून ह्या छंदास पोरखेळ म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं.

आतां हा प्रदेश वेशीवरचा कां, तें पाहूं. लंडन हें सुमारें साडेएकावन्न उत्तर अक्षांशावर आहे. त्याच अक्षांशावर अटलांटिकच्या पलीकडे कॅनडाचा लाब्राडोर प्रांत येतो आणि तेथें हिंवाळ्यांत किनाऱ्यालगतचा समुद्रदेखील गोठतो. लंडनचें जानेवारींतील सरासरी उष्णमान मात्र शून्यावर पांच-सहा अंश असतें. कारण त्या बेटांवर बहुधा नैर्ऋत्येकडून वारा येतो आणि तो अटलांटिकच्या उबदार पाण्यावरून वाहत येतो. वैशाख संपतां संपतां आपला शेतकरी ज्या दिशेकडे आशेनें डोळे लावून बसतो, तीच नैर्ऋत्य दिशा ह्या हिमप्रेमी मंडळींची वैरीण आहे! त्यांस वारा हवा असतो तो उत्तरेचा, आणि त्याहूनहि पूर्वेचा, म्हणजे रशियाकडून येणारा.

परंतु येथेंच खरी अडचण उत्पन्न होते. रशियाकडून येणारी हवा थंड असली तरी कोरडी असते. कोरड्या हवेंतून बर्फ कोठून पडणार? ती उत्तर समुद्रावरून येतांना बाष्प उचलते, ढग बनतात, आणि मग केंट व एसेक्स परगण्यांत हिमाच्या सरी येतात. पण ज्या समुद्रानें बाष्प द्यावयाचें तोच समुद्र त्या हवेस उष्णताहि देतो. समुद्रावरील प्रवास फार थोडा झाला तर आकाश निरभ्र राहतें. फार लांबला तर किनाऱ्यावर बर्फाऐवजीं थंडगार पाऊस पडतो. तेव्हां ह्या व्यवहारांत समुद्रच दाता आणि समुद्रच चोर.

हिंवाळ्याच्या अखेरीस ही आशा विशेष बळावते, ह्याचेंहि कारण समुद्रच. जमीन लवकर निवते, पाणी उशिरा. ब्रिटनभोंवतालचा समुद्र सर्वांत थंड होतो तो डिसेंबरांत नव्हे, तर फेब्रुवारीच्या अखेरीस व मार्चांत. ह्यामुळें त्या देशांत बर्फ अथवा बर्फमिश्रित पाऊस पडण्याचे दिवस सरासरीनें डिसेंबरांपेक्षां मार्चांत अधिक भरतात. म्हणजे शुभेच्छापत्रांवरचें तें चित्र नाताळापेक्षां लवकर येणाऱ्या ईस्टरच्या सणास अधिक शोभेल! उशिरा येणाऱ्या हिमाचें एक उदाहरण क्रिकेटवेड्या वाचकांस आवडेल. १९७५ सालच्या २ जून रोजीं डर्बीशायरांतील बक्स्टन येथें डर्बीशायर व लँकेशायर ह्यांच्या सामन्यांत खेळपट्टीवर बर्फ पडल्यामुळें त्या दिवशींचा खेळ होऊं शकला नाहीं. त्याच सामन्यांत दोन दिवसांपूर्वीं क्लाइव्ह लॉइडनें नाबाद १६७ धावा काढल्या होत्या.

समुद्र असा साह्यकारी होतो, तों सूर्य विरुद्ध पक्षास मिळतो. २१ डिसेंबरला लंडनचा मध्यान्हींचा सूर्य क्षितिजापासून अवघा १५ अंश वर असतो. २० फेब्रुवारीस तो २७ अंशांवर चढतो, म्हणजे ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यांत असतो तितका. अशा सूर्यापुढें रात्रीं पडलेला पातळ थर दुपारपर्यंत टिकत नाहीं. म्हणून फेब्रुवारी-मार्चांतील हिम रात्रीं पडावें व पहाटे पाहून घ्यावें.

आणखी एक गोष्ट आमच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावी अशी आहे. हिंवाळ्यांत इंग्लंडांत पडणारा पुष्कळसा पाऊस वर ढगांत असतांना बर्फच असतो. खालच्या उबदार थरांतून येतांना तो वितळतो. तेव्हां प्रश्न असतो तो शेवटच्या कांहीं शें मीटरांचा. जमिनीजवळील हवा शून्यावर दोन-तीन अंश असतांही बर्फ पोंचूं शकतो, आणि तो दोन मार्गांनीं. पहिला मार्ग आपल्या घरांतील माठाचा. माठाच्या अंगांतून पाझरलेल्या पाण्याची वाफ होतांना ती उष्णता शोषून घेते व पाणी गार होतें. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारें ६०० कॅलरी लागतात. खालची हवा कोरडी असेल तर पडणाऱ्या थेंबांची व हिमकणांची अशीच थोडी वाफ होते आणि हवा निवते. म्हणून हे लोक नुसता उष्णतामापक पाहत नाहींत. ज्याच्या गोळ्यास ओलें फडकें गुंडाळलेलें असतें, तो दुसराहि पाहतात. त्याचा पारा शून्याजवळ असेल तर आशेस जागा आहे.

दुसरा मार्ग वितळण्याचा. एक ग्रॅम बर्फ वितळण्यास ८० कॅलरी उष्णता लागते, व तीहि भोंवतालच्या हवेंतूनच घेतली जाते. बर्फ जोरानें पडूं लागला व वारा मंद असला, म्हणजे वितळणारे कण स्वतः वितळून मागून येणाऱ्यांसाठीं वाट थंड करून ठेवतात, आणि तास-दोन तासांत पावसाचें हिम होतें. हलकी भुरभुर असेल तर हें घडत नाहीं. एकाच गांवांत टेकडीवर पांढरें आणि पायथ्याशीं चिखल, असा प्रकार ह्यामुळेंच दिसतो. कारण शंभर मीटर चढलें कीं हवा अर्ध्या अंशाहून थोडी अधिक थंड होते, आणि येथें सारा निकाल अर्ध्या अंशावर अवलंबून!

असा हा अर्धा अंश दहा दिवस आधीं कोण सांगूं शकेल? तरीहि लोक विचारतात, आणि अलीकडे त्यांस उत्तर देण्याचीं साधनेंहि पुष्कळ झालीं आहेत. रेडिंग येथील यूरोपीय हवामान-केंद्र १९९२ पासून एकाच आरंभस्थितींत किंचित् किंचित् फरक करून अनेक भाकितें एकदम काढतें. आज त्यांची संख्या ५१ आहे. त्यांपैकीं चाळीस भाकितें पूर्वेचा वारा दाखवूं लागलीं तर विश्वास धरावा. पण हिमप्रेमी मनुष्याचें मन कसें असतें? एक्कावन्नांतील एकच भाकीत भरपूर बर्फ दाखवीत असलें तरी त्याची दृष्टि नेमकी त्यावरच जाऊन बसते. ह्या मंडळींतील जुने जाणते लोक नवशिक्यांस प्रथम जो धडा देतात तो हाच कीं, आपणांस जें हवें आहे तें दाखविणाऱ्या नकाशाकडे सर्वांत अधिक संशयानें पाहावें. माझ्या मतें हा धडा उष्णतामापकापेक्षांहि मोलाचा आहे.

त्यांच्या आशेचें आणखी एक स्थान आकाशांत फार उंचावर आहे. जमिनीपासून सुमारें १० ते ५० किलोमीटरांच्या दरम्यान हिंवाळ्यांत उत्तर ध्रुवाभोंवतीं वाऱ्यांचा प्रचंड भोंवरा फिरत असतो. कधीं कधीं तो मोडतो आणि तेथील उष्णमान थोड्या दिवसांत ५० अंशांनीं देखील वाढतें. बर्लिनच्या रिचर्ड शेरहाग ह्यांनीं १९५२ सालीं हा चमत्कार प्रथम टिपला. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनीं खालीं पूर्वेचे वारे सुटण्याचा संभव वाढतो. २०१८ च्या फेब्रुवारीच्या मध्यास असेंच झालें. महिन्याच्या अखेरीस सैबेरियाकडील वारा आला, आणि १ मार्च रोजीं, म्हणजे हवामानशास्त्रज्ञांच्या पंचांगाप्रमाणें वसंताच्या पहिल्याच दिवशीं, इंग्लंड बर्फाखालीं होतें. पुढल्या वर्षीं जानेवारीच्या आरंभीं तोच भोंवरा पुन्हां मोडला. मंडळी सज्ज होऊन बसली. कांहीं भागांत थोडाबहुत बर्फ पडलाहि. पण २६ फेब्रुवारी २०१९ रोजीं लंडनमधील क्यू उद्यानांत पारा २१.२ अंशांवर गेला! ब्रिटनमध्यें हिंवाळ्यांत इतकें उष्णमान पूर्वीं कधींच नोंदलें गेलें नव्हतें.

बर्फाची इच्छा करणें हें निर्दय नव्हे काय, असा प्रश्न पालकांपैकीं कोणी विचारील, व तो योग्यच आहे. १९४७ सालीं २२ जानेवारीपासून १७ मार्चपर्यंत ब्रिटनमध्यें कोठें ना कोठें रोज बर्फ पडला. कोळसा खाणींजवळ अडकून राहिला, कारखाने बंद पडले, मेंढ्या बर्फाखालीं गाडल्या गेल्या, आणि बर्फ वितळतांच मार्चांत महापूर आले. १९६२-६३ चा हिंवाळा तर १७४० नंतरचा सर्वांत थंड ठरला. म्हाताऱ्यांना व गरिबांना अशा दिवसांची किंमत द्यावी लागते. कोणाच्या इच्छेनें वारा फिरत नाहीं हें खरें. तरी शेजारच्या म्हातारीच्या घरीं जळण आहे कीं नाहीं हें पाहून मग आकाशाकडे पाहणारा हिमप्रेमी मला अधिक आवडतो.

आतां मात्र हा छंदच संकटांत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पृथ्वीचें सरासरी उष्णमान एक अंशाहून अधिक वाढलें आहे. जेथें हिंवाळा शून्याखालीं दहा अंशांचा, तेथें ह्यानें बर्फास फारसा बाध येत नाहीं. पण जेथें सारा निकाल अर्ध्या अंशाचा, तेथें काय शिल्लक उरेल? दक्षिण इंग्लंडांत जमिनीवर बर्फ टिकून राहण्याचे दिवस कमी होत चालले आहेत, आणि हें ज्या नोंदींवरून कळतें त्यांत ह्याच हौशी लोकांच्या वह्या आहेत.

तरीहि फेब्रुवारीच्या एखाद्या रात्रीं वारा पूर्वेला वळतो, ओल्या फडक्याचा पारा अर्ध्या अंशावर उतरतो, आणि घरोघरचे दिवे मालवले जाऊन खिडकींत माणसें उभीं राहतात. त्यांची नजर रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाकडे असते. त्या प्रकाशांत पावसाचा थेंब सरळ रेघेसारखा झर्रकन् खालीं जातो. हिमकण त्याच्याहून कितीतरी सावकाश, वाऱ्याबरोबर भरकटत उतरतो. अर्धा तास नुसत्या रेघाच दिसतात. मग त्यांतील एखादी जरा मंदावल्यासारखी वाटते, आणि खिडकीतलीं माणसें कांचेवर आलेली वाफ बाहीनें पुसून पुन्हां पाहूं लागतात.