मोटारसायकलीच्या जुन्या चामडी पडश्या

घोड्याच्या पाठीवरून दोहों बाजूंस लोंबणारी पडशी आपल्या लोकांस अपरिचित नाहीं. अमेरिकेंत १९०१ सालीं ‘इंडियन’ व १९०३ सालीं ‘हार्ले-डेव्हिडसन’ ह्या मोटारसायकली बनूं लागल्या, तेव्हां हळूहळू घोडा गेला. पडशी मात्र राहिली. दुसऱ्या महायुद्धांत हार्ले कारखान्यानें सैन्यासाठीं सुमारें ९०,००० गाड्या तयार केल्या. त्यांतील पुष्कळ गाड्यांच्या मागील चाकाच्या दोन्ही अंगांस चामडी पडश्या असत. आज संग्राहक अशा पडश्यांस मोठें मोल देतात. म्हणूनच नवी वस्तु जुनी म्हणून खपविणारेही निघतात, आणि खरी जुनी वस्तु अतिउत्साहानें बिघडविणारे तर त्याहून अधिक. तेव्हां पारख आधीं व डागडुजी मागाहून, हा क्रम वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

प्रथम चामड्याची कापलेली कड पाहावी. खोगिराचें व पडशीचें चामडें झाडांच्या सालींनीं कमावीत, कारण तें ताठ राहतें व त्यावर नक्षी चांगली उठते. आपल्याकडे कोल्हापुरी वहाणांचें चामडें बाभळीच्या सालीनें व हिरड्यानें कमावतात, त्याच जातीचें हें काम होय. अशा चामड्याची कड आंतपर्यंत तपकिरी असते. क्रोम क्षारांनीं कमावण्याच्या कृतीचें पेटंट ऑगस्टस शुल्त्झ ह्यानें १८८४ सालीं घेतलें. त्या चामड्याच्या गाभ्यांत बहुधा निळसर करडी छटा दिसते. लोखंडी खिळ्यांभोंवतीं काळें वर्तुळ पडलें असल्यास तीही सालीची खूण समजावी. हिरडा व हिराकस एकत्र केले असतां काळी शाई होते, हें आपल्या आजोबांस ठाऊक होतें. येथें गंज हिराकसाचें काम करतो.

दुसरी साक्ष दोऱ्याची. हातानें शिवणारा कारागीर मेण लावलेल्या जवसाच्या वाखाच्या दोऱ्याच्या दोन्ही टोकांस सुया ओवून, आरीनें पाडलेल्या एकाच भोंकांतून दोन्ही सुया उलटसुलट काढी. असा एक टाका तुटला तरी शेजारचे टाके सहसा उसवत नाहींत. दोऱ्याचा सुटलेला तंतु जाळून पाहावा: वाख जळून राख होते, नायलॉन वितळून त्याचा कठीण मणी बनतो. नायलॉन जगापुढें आलें तें १९३८ सालीं. म्हणून १९३० च्या म्हणून दाखविलेल्या पडशीवर नायलॉनचे टाके आढळले, तर निदान ती शिवण तरी मागाहूनची, हें निश्चित. मात्र तेवढ्यावरून पडशीच खोटी ठरवूं नये. ती कोणीं दुरुस्त केली असेल. एका खुणेवर निकाल देणें हें परीक्षकास शोभत नाहीं.

तिसरी साक्ष झिजेची. खरी झीज कारणावांचून होत नाहीं. पट्टा जेथें बक्कलांत वांकतो तेथें सुरकुत्या आणि जेथें लोखंडास घांसतो तेथें चकाकी असावी. सर्वत्र सारखी झीज दिसल्यास ती कानशीची करामत असण्याचा संभव अधिक. झांकणाच्या आंतील बाजूस कारखान्याचा शिक्का असल्यास तो कधींही घांसूं नये.

आतां डागडुजी. कोरड्या मऊ कुंचल्यानें धूळ झाडावी. बुरशी असल्यास ती उघड्या हवेंत, सावलींत झाडावी. पडशी पाण्यांत बुडवूं नये, व ओली झाल्यास विस्तवाजवळ वाळवूं नये. उष्णतेनें ओलें चामडें आकसून कठीण होतें. पितळी खिळ्यांवरील हिरवा कळंक लांकडाच्या काडीनें खरवडावा. उसवलेली शिवण जुन्याच भोंकांतून शिवावी, कारण नवीं भोंकें चामड्यास कायमचीं दुबळीं करतात.

जुन्या चामड्याचा एक रोग असाध्य आहे. हवेंतील गंधकाच्या धुरापासून चामड्यांत आम्ल होतें व त्याची तांबडी भुकटी होऊन हातास लागते. अशा वेळीं लोक प्रेमानें तेल चोपडतात. पण तेलानें रोग जात नाहीं, रंग मात्र काळवंडतो. मद्यार्कांत विरघळविलेलें हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज लावून संग्रहालयांतील तज्ज्ञ ती भुकटी जखडून ठेवतात. गेलेलें बळ मात्र कोणी परत आणूं शकत नाहीं. निरोगी चामड्यासही तेल अगदीं थोडें पुरे. अधिक झालें कीं तें मऊ पडून आकार सोडतें.

शेवटीं, काय बदललें व काय मूळचें राहिलें, हें एका कागदावर लिहून तो कागद पडशींतच ठेवावा. पुढें ती ज्याच्या हातीं जाईल त्याची फसवणूक होणार नाहीं. विद्यार्थिमित्रहो, जुन्या वस्तूस नवी करणें सोपें असतें. तिला जुनीच ठेवून टिकविणें ह्यांत खरें कौशल्य व खरा प्रामाणिकपणा आहे.